सगळ्यांनी वाचलेली कादंबरी

वाचनगटात एकूण बारा जण होते आणि त्यांतलं कोणीही कधी कादंबरी वाचत नसे. सगळे ती पुन्हा वाचत. महिन्याची कादंबरी ठरली की तासाभरात निरोप सुरू व्हायचे. 'वा, या निमित्ताने पुन्हा वाचणं होईल.' 'तिसऱ्यांदा घेतोय, पण दर वेळी काहीतरी नवं सापडतं.' एकदा नऊशे पानांची एक कादंबरी ठरली, तेव्हा एका सभासदाने ती आपण पाळण्यात असल्यापासून ऐकत आल्याचं कळवलं. त्यावर कोणी हसलंसुद्धा नाही. उलट दोघांनी हात जोडले.

याला अपवाद एकच, आत्या. गट तिचाच. छत्तीस वर्षं गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढल्यावर ती निवृत्त झाली, मग गुडघ्यांनी जिना नाकारला, आणि मग तिने फोनवर हा गट काढला. नियम साधे होते. दर महिन्याला पाळीपाळीने एकाने पाच अभिजात कादंबऱ्यांची नावं द्यायची, बाकीच्यांनी मत टाकायचं, आणि शेवटच्या रविवारी सकाळी अकरा वाजता, कॅमेरे सुरू ठेवून, चर्चा. नावं देणाऱ्याने पहिली दहा मिनिटं बोलायचं. पाचच नावं का, तर आत्याच्या मते चारांतून निवडणं म्हणजे निवड नव्हे, नाइलाज.

आत्याने एखादी कादंबरी वाचलेली नसली तर ती गटावर सरळ लिहायची, 'मी वाचलेली नाही. वाचते.' लोकांना हा तिचा विनय वाटायचा.

या महिन्याला पाळी भाच्याची होती. भाचा दातांच्या कवळ्या बनवायचा. म्हणजे दवाखान्यातून हिरड्यांचे साचे यायचे आणि तो प्रयोगशाळेत बसून त्यांच्या मापाचे दात घडवायचा. ज्यांच्या तोंडात ते जायचे, त्यांची तोंडं त्याने कधी पाहिलेली नसत. त्यामुळे न पाहिलेल्या गोष्टीबद्दल ठामपणे काम करायची सवय त्याला होती. गटात तो आत्याच्या आग्रहाने आला आणि चर्चा ऐकायला आवडते म्हणून राहिला.

चार नावं त्याने आठवून लिहिली. पाचवं सुचेना. दुपारची सुट्टी संपत आलेली, डाव्या हातात एक वरची कवळी घासायची राहिलेली, आत्याचे दोन निरोप येऊन पडलेले. त्याने कवळीकडे पाहिलं, कवळीने त्याच्याकडे, आणि त्याने टाइप केलं, 'बंदरावरचा घड्याळजी.' लेखकाच्या जागी 'अनुवादित' लिहिलं. अनुवादित म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही, हे त्याने दोन वर्षांत हेरलं होतं. या नावाला कोण मत देणार, असा त्याचा हिशेब होता.

आठ जणांनी दिलं.

त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. बाकीच्या चार कादंबऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी सुरू करून सोडल्या होत्या आणि त्या आठवणी चांगल्या नव्हत्या. घड्याळजीने मात्र अजून कोणाचंच काही वाकडं केलेलं नव्हतं.

'उत्तम निवड,' निवृत्त न्यायाधीशांनी लिहिलं. 'महाविद्यालयात असताना एका बैठकीत संपवली होती. आता त्या वयाची नजर नाही, पाहू.'

'शेवट आठवला की अजून अंगावर काटा येतो,' भूलतज्ज्ञ बाईंनी लिहिलं. या बाई दिवसभर माणसांना झोपवायच्या आणि गटावर सगळ्यांत जाग्या असायच्या.

'शेवटापेक्षा मधलं बोटीचं प्रकरण पाहा,' न्यायाधीश म्हणाले.

'बोट तर आहेच,' बाई म्हणाल्या.

'पंखा'ने अंगठा दाखवला. पंखा हा एक सभासद होता. त्याचा फोन टेबलावर आडवा असायचा, त्यामुळे चर्चेच्या वेळी त्याच्या चौकटीत फक्त छताचा पंखा फिरताना दिसायचा. दोन वर्षांत त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता. नाव सगळे विसरून गेले होते.

भाच्याने तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बोटीचं ऐकल्यावर त्याला राहवेना. कुठली बोट, ही त्यालाही उत्सुकता लागली. संध्याकाळी सांगू म्हणाला, तर संध्याकाळपर्यंत घड्याळजीला एक आजारी मुलगी झाली होती. शनिवारी सांगू म्हणाला, तर शनिवारी ती बरी झाली. आपण सोडून दिलेलं पोर लोक इतक्या मायेने वाढवताहेत म्हटल्यावर मध्ये पडायचं तरी कसं?

आत्याने फक्त एवढंच लिहिलं, 'मी वाचलेली नाही. शोधते.' आणि भाच्याला फोन केला. "कुठे मिळेल रे?"

"बघतो," भाचा म्हणाला.

हे 'बघतो' त्याला पुढे फार महागात पडलं.

दहा दिवस आत्याचा फोन नाही. तिच्या बाबतीत ही शांतता म्हणजे अग्निशामक दलाचा बंब घंटा न वाजवता जाण्यासारखं होतं. अकराव्या दिवशी तिने त्याला घरी बोलावलं. तो गेला तर ती टेबलाशी बसलेली, पुढ्यात एक वही, चष्मा कपाळावर.

"बस. गटाचं ते अ‍ॅडमिन का काय, ते तुझ्याकडे कसं द्यायचं दाखव."

"का? काय झालं?"

"माझ्याच्याने नाही व्हायचं आता."

"गुडघे का?"

"गुडघ्याने कोणी ग्रुप चालवतं का रे, गाढवा?" ती म्हणाली, आणि मग चष्मा खाली ओढून वही त्याच्याकडे सरकवली. "वाच."

वहीवर लिहिलं होतं, 'आठवतं ते.' आत शेजारच्या बाईंच्या तिन्ही मुलींची नावं, त्यांच्या नवऱ्यांची, एकाच्या पुढे प्रश्नचिन्ह. वाचनालयातल्या बेचाळीस कपाटांचा क्रम, दारापासून खिडकीपर्यंत. दादाचा वाढदिवस, म्हणजे भाच्याच्या वडिलांचा. 'गॅस बंद केला. दोनदा पाहिला.' दुसऱ्या दिवशी, 'गॅस बंद केला. तीनदा पाहिला.'

"आत्या, हे काय आहे?"

"तीन वाचनालयांत विचारलं. आमच्या जुन्या शिपायाला विचारलं, त्याला सगळी पुस्तकं उंचीवरून पाठ आहेत. कोणाकडे नाही. म्हटलं, असेल, जुनं आहे, मिळत नसेल. पण मला नावही आठवू नये? दहा जणांना आठवतंय. त्या जजला बोट आठवतेय. मी छत्तीस वर्षं पुस्तकं हाताळली, आणि माझ्या डोक्यात ना बोट, ना बंदर, ना तो मेला घड्याळजी." तिने टेबलावरची रेघ बोटाने पुसली. ती रेघ लाकडाचीच होती. "आईचं असंच सुरू झालं होतं. आम्ही सगळे म्हणायचो, अगं, परवाच नाही का ती येऊन गेली? आणि आई नुसती बघत राहायची. तेच आता माझं. सगळ्यांना ठाऊक, मी नुसती बघतेय."

भाच्याने वही मिटली.

"आत्या, ऐक. असं पुस्तकच नाहीये. मी बनवलं. पाचवं नाव सुचेना म्हणून."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे करून त्याच्या गालाला लावला. गेल्या वीस वर्षांत तिने हे केलं नव्हतं.

"आईलाही आम्ही असंच सांगायचो," ती म्हणाली. "ती चुकली की म्हणायचो, नाही गं, आमचंच चुकलं. तेच तू माझ्यावर वापरतोस होय रे?"

"अगं शपथ! नेटवर बघ, कुठेच नाही."

"नेटवर आमच्या वाचनालयातलं अर्धं कपाट नाही. म्हणून ते जळालं का?"

"पण मी खरंच..."

"राजा, तू कवळ्या बनवतोस. कादंबरी बनवणं तुझं काम नाही." हे तिने इतक्या प्रेमाने म्हटलं की अपमान व्हायलाही जागा उरली नाही. "आणि खरं सांगू? गेल्या शुक्रवारपासून मला ती थोडी थोडी आठवायला लागलीय. हिरवं कव्हर होतं. म्हणजे आधी पूर्ण गेलं, आता अर्धवट येतंय. हे जास्त वाईट. मंगळवारची डॉक्टरांची वेळ घेतलीय. तू गाडी घेऊन ये. दादाला सांगू नकोस."

जिन्यात उभं राहून भाच्याने गटावर लिहिलं, 'मंडळी, बंदरावरचा घड्याळजी नावाची कादंबरी अस्तित्वात नाही. ती मी दुपारच्या सुट्टीत रचली. मला माफ करा.'

दोन मिनिटांत सात जणांनी टाळ्या पाठवल्या.

'कादंबरीच्या गाभ्यालाच हात घातलात,' न्यायाधीशांनी लिहिलं. 'घड्याळजीही शेवटी नेमकं हेच म्हणतो.'

मग त्याने एकेकाला फोन लावला. न्यायाधीशांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं म्हणणं, पुस्तक नाही. ठीक. मग मी वाचलं ते काय?"

"तेच तर विचारतोय, साहेब."

"प्रश्न मी विचारतो," न्यायाधीश म्हणाले, सवयीने. "हे पाहा, माझं सोडा. मी कदाचित दुसऱ्या कशाशी गल्लत करत असेन. पण डॉक्टरबाईंनी नक्की वाचलीय. त्यांनी शेवटाचं काय सुंदर लिहिलं होतं."

भूलतज्ज्ञ बाईंनी दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये फोन घेतला. "खरं सांगते, मी नाही वाचलेली. पण हे कोणाला बोलू नका हं. जजसाहेबांनी इतकी बारकाईने वाचलीय, त्यांच्यापुढे बरं दिसत नाही."

"डॉक्टर, साहेबांनीही वाचलेली नाही."

"अहो, असं कसं? बोट त्यांनीच काढली ना!"

पंख्याने फोन उचलला नाही, बाकी सगळ्यांचं तेच. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच खोटारडे आणि बाकीचे नऊ वाचून बसलेत. रविवारी हे उघड बोलाल का, असं विचारल्यावर प्रत्येकाने रविवारच्या नेटवर्कबद्दल शंका व्यक्त केली.

आत्याचं नाव भाच्याने मुद्दाम काढलं नाही. ती घाबरलीय हे दहा जणांना कळवणं म्हणजे तिची वही चौकात टांगण्यासारखं झालं असतं.

रविवारी पावणेअकराला तो आत्याकडे पोचला. ती इस्त्रीची साडी नेसून बसली होती. पुढ्यात कागद, त्यावर चार ओळी.

"हे काय?"

"निरोपाचं. आधी वाचणार आणि निघणार. तुमची चर्चा मग चालू द्या."

"आत्या, दहा मिनिटं आधी माझी असतात. नियम तुझाच आहे."

नियम म्हटल्यावर तिने कागद उलटा करून ठेवला.

अकराला चौकटी उघडल्या. न्यायाधीश पडद्यापुढे, बाई दवाखान्याच्या खोलीत, एका कोपऱ्यात पंखा फिरतोय. भाच्याने घसा साफ केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. दुपार, कवळी, पाचवं नाव, अनुवादित. शेवटी म्हणाला, "हे रूपक नाही. निवेदनाची पद्धत नाही. पुस्तक नाहीये."

"फार धाडसी मांडणी," कोणीतरी म्हणालं.

"पण मग मुलीच्या मृत्यूचं काय?" दुसऱ्याने विचारलं.

"मुलगी मरत नाही हो, ती बोटीने जाते," न्यायाधीश म्हणाले.

"ती बरी झाली होती ना शनिवारी?" बाई म्हणाल्या आणि जीभ चावली.

भाच्याने आत्याकडे पाहिलं. तिने कागद उचलला होता.

"नमस्कार," आत्या म्हणाली. "मला ही कादंबरी आठवत नाही. यापुढे गट चालवणं मला..." ती थांबली. कागद खाली ठेवला. "जाण्याआधी एक विचारते. माझ्या मनाची खात्री म्हणून. लोक वाचनालयात यायचे ना, त्यांना नाव कधीच आठवायचं नाही, पण कव्हर आठवायचं. मला हिरवं आठवतंय. बरोबर आहे का?"

तिच्या आवाजात असं काही होतं की सगळ्यांना तिला मदत करावीशी वाटली. आणि तिथेच घात झाला.

"निळं," न्यायाधीश म्हणाले. "गडद निळं."

"हिरवंच, हिरवंच," बाई घाईने म्हणाल्या.

"माझ्या प्रतीवर जहाज होतं."

"माझ्याकडे कव्हर फाटलेली प्रत होती."

आत्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला. पाठ सरळ केली. आता ती टेबलाशी नव्हती, देवघेवीच्या खिडकीशी होती, आणि समोर पुस्तक हरवल्याचं सांगणारा वाचक होता.

"जाडी किती?"

"दीडशे पानं."

"छे, सहाशे तरी."

"दोन भाग होते ना?"

"असं," आत्या म्हणाली. "लेखक कोण?"

आणि दहाच्या दहा जण एकाच क्षणी गोठले. नेटवर्क गेल्यावर माणूस जसा गोठतो तसे. न्यायाधीशांचं बोट हवेत राहिलं. बाई अर्धवट हसत थांबल्या. हे सगळं फार चांगलं जमलं होतं, फक्त न्यायाधीशांच्या मागचा पडदा वाऱ्याने हलत होता, बाईंच्या मागून एक नर्स औषधांची गाडी ढकलत गेली, आणि कोपऱ्यातला पंखा आरामात फिरत होता.

कोणी श्वास घेत नव्हतं. बाईंचं क्षेत्रच ते असल्यामुळे त्या सगळ्यांत जास्त वेळ टिकल्या असत्या.

"मी नाही वाचली," पंखा म्हणाला.

दोन वर्षांत पहिल्यांदा. आवाज वयस्कर होता, जाडसर.

"ही नाही, आणि आधीचीही एक नाही. मी शिवणकाम करतो. दिवसभर डोळे मशीनवर, रविवारी डोळ्यांना सुट्टी. जमिनीवर आडवा पडतो आणि तुम्ही सगळे बोलता ते ऐकतो. मला वाटलं तुम्ही सगळ्यांनी वाचलंय, मी एकटाच... ताई, माफ करा. मला काढू नका गटातून."

न्यायाधीशांनी हवेतलं बोट हळूच खाली घेतलं. "मीही नाही वाचली," ते म्हणाले. "बोट माझी स्वतःची."

"शेवट माझा," बाई म्हणाल्या.

मग मोठी रांगच लागली. मुलगी ज्याची होती त्याने मुलगी परत घेतली. पाळण्यापासून ऐकणाऱ्याने पाळणा मागे घेतला. चार-पाच जण तर या कादंबरीवर न थांबता गेल्या वर्षभरातल्या सगळ्या काढून बसले, आणि त्यांना थांबवताना आत्याला टेबल वाजवावं लागलं.

"एक मिनिट," ती म्हणाली. ती भाच्याकडे वळली. "मग माझं हिरवं कव्हर?"

"ते तुझं, आत्या. तुझ्या मनाचं."

"म्हणजे खरंच तू..."

"दुपारच्या सुट्टीत."

इतके दिवस तिच्या मानेत ताठलेलं काहीतरी सैल पडलं. पदराने तिने डोळे पुसले, नीट, दोन्ही, आणि मग तीच वही उचलून भाच्याच्या पाठीत घातली. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग गॅसच्या नावाने तिसऱ्यांदा. चौकटींमधले दहा जण गंभीरपणे बघत होते. न्यायाधीशांनी शिक्षा योग्य असल्याचं सांगितलं.

"मेल्या, मी मृत्युपत्राचा कागद काढून ठेवला होता!" ती ओरडली. इतक्या खणखणीत आवाजात की भाच्याला मार लागेनासा झाला.

पुढच्या महिन्यासाठी तिने तिथल्या तिथे दीडशे पानांची एक कादंबरी ठरवली, मतदान न घेता, आणि पंख्याला ती मोठ्याने वाचून ऐकवायची दोघांची पाळी लावली. सभा संपवण्याआधी न्यायाधीशांनी हात वर केला आणि मुलगी बोटीने नेमकी कुठे जाते, एवढं तरी ठरवून टाकावं का, असं विचारलं. आत्याने त्यांना म्यूट केलं.

मंगळवारची वेळ मात्र तिने रद्द केली नाही. "घेतलीय तर जाऊ या," म्हणाली. "आईच्या वेळी आम्ही फार उशिरा गेलो होतो." हे ती रस्त्याकडे बघत म्हणाली, आणि भाच्याने गाडी जरा हळू चालवली.

डॉक्टर तरुण होते, हसरे. त्यांनी पाच शब्द सांगितले आणि मागितले. आत्याने ते परत दिले, मुळाक्षरांच्या क्रमाने लावून. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं, तर तिने तेही असं म्हटलं की जणू उशिरा परत आलेल्या पुस्तकांचे दिवस मोजतेय. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा तिने भाच्याकडे एकच नजर टाकली आणि काढलं. अकरा वाजून दहा मिनिटं, काट्यांना टोकांसकट.

"आजी, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. "काळजीचं काही नाही. पण एकदम भीती का वाटली?"

आत्याने खांदे सैल सोडले. भाच्याने तिला इतकं हलकं बसलेलं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. "काही नाही हो," ती म्हणाली. "एक कादंबरी होती. सगळ्यांना आठवायची, मला आठवेना. बंदरावरचा घड्याळजी."

"अरे वा," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "शाळेत असताना वाचली होती. सुंदर आहे. आता पुन्हा वाचायला हवी."

भाचा जमिनीकडे बघू लागला. आत्या मात्र गोड हसली. अगदी मनापासून, जशी ती वाचनालयात नव्या सभासदाकडे बघून हसायची. तिने पर्समधून पेन काढलं, त्यांच्याच टेबलावरच्या कागदावर आपला नंबर लिहून दिला आणि म्हणाली, "रविवारी अकराला असतो आम्ही. न वाचता आलात तरी चालतं."

डॉक्टरांनी फार आभार मानले.

बाहेर येऊन ती गाडीत बसली, पट्टा लावला, तपासणीची चिठ्ठी नीट घडी करून पर्समध्ये ठेवली.

"माणूस चांगला आहे," ती म्हणाली. "पण दुसरा डॉक्टर बघ."